इथेनॉल? म्हणजे दारूच की!

डिस्टिलरीत नोकरी करणाऱ्याला किस्से शोधायला लागत नाहीत. बँकेतल्या माणसाला लग्नाच्या पंगतीत कुणी विचारत नाही, "तुमच्यात नेमकं चालतं काय हो?" आम्हाला विचारतात. आणि विचारायच्या आधी थोडं हसतात! त्या हसण्यातनं निम्मे किस्से तयार होतात. उरलेले आमच्या कंपनीच्या बसमध्ये जमतात. आता इतके जमलेत, की कुठनं सुरुवात करावी कळत नाही.

मी तिथं लॅबमध्ये केमिस्ट आहे. राहायला सोलापुरात. सकाळची बस अक्कलकोट रोडची एमआयडीसी मागं टाकत कारखान्याकडं जाते. साखर कारखान्याला लागूनच आमची डिस्टिलरी. उसाची मळी, कधी उसाचा रस, अलीकडं मकासुद्धा, हे सगळं आंबवायचं, गाळायचं, त्यातलं पाणी काढून टाकायचं. जे हाती येतं ते इथेनॉल. ते पेट्रोलमध्ये मिसळायला जातं. एवढंच आमचं काम. पण एवढं ऐकून घ्यायच्या आत समोरचा म्हणतो, "म्हणजे दारूच की!"

माझ्या आण्णांना मात्र हे हसत म्हणता येत नव्हतं.

आण्णा म्हणजे माझे वडील. यंत्रमागावर टॉवेल विणायचे. त्यांचा धाकटा भाऊ हातभट्टीनं गेला. तेव्हापासून आमच्या वस्तीतल्या विहारात बसून आण्णा एकेका माणसाकडून दारू सोडल्याचं वचन घ्यायचे. कुणी वचन मोडलं तर रागवायचे नाहीत. त्याच्या दारात जाऊन नुसते बसायचे. आतल्या माणसाला बाहेर यायची लाज वाटायची.

अशा माणसाच्या मुलीला ऑर्डर आली कुठली, तर डिस्टिलरीची!

आईनं पेढे आणले. आण्णांनी पेढा हातात घेतला आणि तसाच ताटलीत ठेवला. म्हणाले, "मला बघायचंय ते."

आमचे मॅनेजर घाडगेसाहेब. त्यांनी एका अक्षरानं नाही म्हटलं नाही. दुसऱ्याच दिवशी आण्णा धुवट शर्ट घालून आले. त्यांना हिंडवायला मल्लिनाथला दिलं. मल्लिनाथ आमचा फर्मेंटेशनचा ऑपरेटर. घरी कन्नड बोलतो, कामावर मराठी, आणि संतापला की दोन्ही एकदम! त्यानं टाक्या दाखवल्या, उंच कॉलम दाखवले, शेवटी टँकर भरायची जागा दाखवली.

आण्णा तिथं थांबले. "हे कुणी पिलं तर?"

"न्हाय पिता येत, आण्णा. टँकर सुटायच्या आधी ह्यात औषध मिसळतो आमी. लई घाण लागतंय. पोटात गेलं तर जीवावर बेततंय."

"म्हणजे विष घालता?"

मल्लिनाथ गडबडला. "पिऊ नये म्हणून घालतो की! वास आला की शहाणा माणूस थांबतोय."

"पिणारा शहाणा असतो का?"

परत येताना आण्णा बसच्या खिडकीतनं बाहेर बघत बसले. मी मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडलं.

घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, ताटलीतला पेढा उचलला, खाल्ला. मग म्हणाले, "अशा ठिकाणी आपलं माणूस पाहिजे. जा तू."

*

मल्लिनाथची गोष्ट त्याच्या घरच्या लग्नाची आहे.

त्याच्या घरचा ऊस पहिल्यापासून आमच्याच कारखान्याला येतो. पूर्वी साखर विकली जाईपर्यंत उसाचं बिल निघायचं नाही. मल्लिनाथ म्हणायचा, "आमच्याकडं मुहूर्त स्वामी काढत न्हाईत, कारखाना काढतोय!" आम्ही बसमध्ये हसायचो. तोही हसायचा.

ते हसणं कशावरचं होतं हे मला त्याच्या मुलीच्या लग्नात कळलं.

त्याची एक बहीण आहे, गौरव्वा. तिचं लग्न ठरलं होतं. बिल आलं नाही म्हणून पुढं ढकललं. पुन्हा तारीख काढली, पुन्हा ढकलली. शेवटी मुलाकडच्यांनी दुसरीकडं सोयरीक केली. गौरव्वा तिथनं पुढं भावाच्या घरीच राहिली. मल्लिनाथच्या मुलीला तिनंच वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं.

आता दिवस बदलले होते. इथेनॉल गेलं की तेल कंपन्यांकडनं कारखान्याला लगेच पैसे येतात, आणि तिथनं पुढं शेतकऱ्याला. मल्लिनाथच्या मुलीची तारीख निघाली आणि त्याच तारखेला अक्षता पडल्या. सगळी डिस्टिलरी लग्नाला होती. घाडगेसाहेबांच्या पंगतीत गौरव्वा स्वतः हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढत होती. साहेब खुशीत होते. म्हणाले, "गौरव्वा, बघा, इथेनॉलनं लग्न वेळेत झालं की नाही!"

तिनं वाटीत तूप सोडलं. शांतपणे म्हणाली, "व्हय साहेब. जरा आदी काढायचं होतं की ते."

ती पुढच्या पानाकडं गेली.

*

इथेनॉल काढून झाल्यावर मागं जे उरतं ते काळंतांबडं पाणी. त्याला आम्ही स्पेंटवॉश म्हणतो. त्याचा वास मी शब्दांत सांगणार नाही. तुम्ही कदाचित जेवायला बसला असाल! पूर्वी हे पाणी एका मोठ्या तळ्यात साठवायचे. तळ्याला खालनं प्लॅस्टिकचं जाड अस्तर.

तळ्याच्या पलीकडच्या वाडीत सुभद्रामावशी राहतात. एकदा त्या घाडगेसाहेबांच्या केबिनमध्ये किटली घेऊन आल्या. मी तिथं पाण्याचे रिपोर्ट दाखवायला गेले होते. मावशींनी पदराखालनं कप काढले, किटलीतनं ओतलं. तांबूस, वाफाळतं.

साहेब म्हणाले, "अहो मावशी, चहा कशाला आणलात? आम्ही दिला असता."

"घ्या की. वाडीवरनं आणलाय."

साहेबांनी कप उचलला, फुंकर घातली. ओठाला लावणार, इतक्यात मावशी म्हणाल्या, "ह्यात पावडर न्हाय बरं का साहेब. साखर बी न्हाय. नुस्तं हिरीचं पाणी गरम केलंय."

साहेबांनी कप खाली ठेवला, उठले, आणि मावशींच्या मागोमाग चालत विहिरीवर गेले. उन्हातनं, डोक्याला काही न बांधता.

तळ्याचं अस्तर फाटून ते पाणी विहिरीत झिरपत होतं. तळं उपसलं, नवीन अस्तर टाकलं, वाडीला प्यायच्या पाण्याचा टँकर सुरू केला. पुढं नवा बॉयलर आला. आता ते काळं पाणी आटवून त्यातच जाळतात, वाफ करतात, आणि राख शेतात खत म्हणून जाते. हे सगळं चांगलं झालं. पण विहीर काही बॉयलरचं ऐकत नाही. ती तिच्या गतीनं निवळत राहिली. कितीतरी पावसाळे गेले.

मावशींचा मुलगा आमच्याकडंच काँट्रॅक्टवर कामाला लागला होता. एका सकाळी तो किटली घेऊन साहेबांच्या दारात उभा राहिला. "आईनं धाडलाय. म्हणाली, साहेबांना सांग, आता पावडर घालावी लागतीया."

साहेबांनी सबंध किटली एकट्यानं संपवली!

*

त्याच मावशींचा अजून एक किस्सा. एक वर्ष पाऊस झालाच नाही. ऊस वाळला, धरणाचं पाणी खाली गेलं. त्यात वरनं आदेश आला की उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका, साखरेला ऊस पुरायला पाहिजे. बरोबरच होतं ते. पण आमचा प्लांट बंद पडला. मका यायला वेळ होता. काँट्रॅक्टची माणसं घरी पाठवली.

मी आणि मल्लिनाथ वाडीवर पाण्याचे नमुने घ्यायला गेलो होतो. चारीकडं शांत, आणि हवा एकदम स्वच्छ. एवढ्या वर्षांत त्या वाडीवर मी मोकळा श्वास पहिल्यांदा घेतला असेल.

मी म्हणाले, "मावशी, आता वास अजिबात नाही. बरं वाटत असेल ना?"

मावशी जात्यापाशी धान्य निवडत होत्या. अंगणात त्यांचा मुलगा बाजेवर पडला होता, दिवसाउजेडी, तोंडावर हात घेऊन. मावशींनी त्याच्याकडं पाहिलं.

"वास येत व्हता तवा ह्यो कामावर जात व्हता," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सुपात बघायला लागल्या.

मल्लिनाथनं बाटली भरली, बूच लावलं. परतीच्या वाटेवर तो कन्नडमध्ये पुटपुटत होता. मी अर्थ विचारला नाही.

*

आता जरा हलकं घ्या. हा माझ्या स्कूटरचा.

पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण वाढलं तसं आमच्या बसमध्ये रोज भांडण. "माझी गाडी ॲव्हरेज देईना!" "माझी सकाळी स्टार्ट होईना!" आणि सगळे माझ्याकडं बघणार, जणू मी स्वतः पाइप घेऊन त्यांच्या टाकीत सोडते! मी समजावायची. ॲव्हरेज थोडं कमी होतं, खरं आहे. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या फुगतात, त्या बदलून घ्या. पण धूर कमी होतो. बाहेरच्या देशातनं तेल कमी आणावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टाकीत पाणी जाऊ देऊ नका. इथेनॉलला पाण्याची लई ओढ. पाणी मिळालं की ते पेट्रोलला सोडून देतं आणि पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. मग इंजिनाला काय मिळणार?

एका रविवारी माझ्या भावानं प्रेमानं माझी स्कूटर धुतली. पाइप लावून. टाकीचं झाकण सैल होतं ते काही त्याला दिसलं नाही.

सोमवारी गाडी भर चौकात बंद! ढकलत ढकलत शहराच्या पूर्व भागात नरसय्यांच्या गॅरेजवर नेली. नरसय्यांचं घराणं विणकराचं, घरी तेलुगू. मागाचा खडखडाट नको म्हणून गॅरेज काढलं, आणि आता गाड्यांच्या खडखडाटात बसतात. त्यांनी टाकी एका बरणीत रिकामी केली. वर पिवळसर पेट्रोल, खाली वेगळा थर. अगदी माझ्या लॅबमधल्या चित्रासारखा!

"मॅडम, कामाला कुठं असता?"

खोटं बोलायचं सुचलं नाही. "डिस्टिलरीत."

नरसय्यांनी वरचं पेट्रोल अलगद ओतून घेतलं. खालच्या थराची बरणी फडक्यानं पुसली आणि माझ्यापुढं धरली. "मग हे घेऊन जावा. तुमचा माल तुमाला परत!"

*

सदाशिव पोल्ट्रीवाल्याचा किस्सा छोटा आहे, पण तो सांगितला की बसमधलं कुणी हसत नाही.

आम्ही मका घ्यायला लागलो तसा मक्याचा भाव चढला. मका हे कोंबड्यांचं मुख्य खाद्य. सदाशिवची आमच्या कारखान्याच्या रस्त्यावरच दोन शेड होती. त्यातलं एक त्यानं बंद केलं आणि गेटवर येऊन उभा राहिला. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. नुसता म्हणाला, "मॅनेजरला भेटायचंय."

घाडगेसाहेबांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग नीट समजावलं. "हे बघा सदाशिव, तुमचं नुकसान मला कळतंय. पण मका पिकवणाराही शेतकरीच आहे ना? त्याला आजवर कधी बरा भाव मिळाला होता का? आज मिळतोय. त्याच्याही घरात पोरंबाळं आहेत."

"ठावं हाय की साहेब. माझा सख्खा भाऊच मका लावतो."

"मग?"

"मग काय. एका घरात ऱ्हातो, एका ताटात जेवतो. तो बोलत बोलत जेवतो. मी गप जेवतो."

साहेबांनी त्याला मका गाळून उरणारा सुका चोथा कमी दरात द्यायची सोय केली. कोंबड्यांना तो थोडा चालतो, सगळा नाही. सदाशिव अजून येतो. आला की आम्ही त्याला चहा देतो. भाऊ कसा आहे, हे कुणी विचारत नाही.

*

आता रज्जाकचाचांचा सांगते. हा मी नेहमी शेवटी सांगते, कारण ह्याच्यानंतर दुसरं काही सांगवत नाही.

चाचा आमचे टँकर ड्रायव्हर. उंच, सावकाश बोलणारे. भरलेल्या टँकरवर हॉर्नसुद्धा बेतानं वाजवणारे. एका दुपारी पुण्याच्या बाजूला माल घेऊन निघाले होते. माढ्याकडच्या फाट्यावर एक बाइकवाला आडव्या रस्त्यानं एकदम समोर आला. चाचांनी त्याला वाचवायला स्टिअरिंग फिरवलं. तो वाचला. टँकर मात्र रस्त्याखाली उलटला.

चाचांचा खांदा निखळला होता. तशा हातानं ते केबिनमधनं वर आले, बॅटरीचं बटण बंद केलं, बाहेर पडले. मागनं एका झाकणातनं धार लागली होती आणि इथेनॉल खालच्या चरात साचत होतं. चाचांनी साहेबांना फोन लावला, दोन वाक्यं बोलले आणि फोन बंद करून खिशात टाकला, ठिणगी नको म्हणून.

तेवढ्यात गावाकडनं माणसं पळत यायला लागली. आधी मदतीला. मग कुणीतरी टँकरवरचं वाचलं आणि ओरडलं, "आरं, स्पिरिट हाय! दारूचा टँकर पडलाय!"

मग जी माणसं आली ती कॅन घेऊन आली. घागरी, बादल्या, कुणाकडं नुसतीच पाण्याची बाटली.

चाचा ओरडले, "बिडी फेको! बिडी फेको पयले! इसकी आग धूप में दिखतीच नै!"

हे खरं आहे. इथेनॉलची ज्योत भर उन्हात दिसत नाही. माणूस आगीत उभा असला तरी त्याला आधी चटका कळतो, मग आग. बिड्या विझल्या. पण माणसं हटली नाहीत.

"जहर हाय ह्ये! पिया तो मरता आदमी!"

एकजण हसला. "चाचा, समद्या दारूला असंच म्हणत्यात."

चरात उतरायला एकच पायवाट होती. चाचा त्या वाटेवर वरच्या तोंडाशी, धारेपासनं लांब, रस्त्यावर मांडी घालून बसले. एक हात लोंबत होता. दुसरा त्यांनी आडवा धरला.

"ठीक हाय," ते म्हणाले. "जिसकू ले जाना है, ले जाव. मै खुद भरके देतूँ. बस एक काम करो. अपनी माँ कू बुलाके लाव. उसके सामने भरतूँ."

गर्दी थांबली. कुणी हसलं, कुणी शिवी दिली. एक तरणा होता, अंगापिंडानं मजबूत. त्याला वाटलं, म्हातारा आपल्याला भित्रा समजतोय की काय! तो खरंच गेला आणि जवळच्या रानातनं आईला घेऊन आला. तिच्या हातात खुरपं होतं, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

तिनं पोराकडं बघितलं नाही. चाचांना विचारलं, "काय हाय ह्ये?"

"गाडी का तेल है, अम्मा. इसमें दवा मिलाते, कोई पीना नै करके. पिया तो जान जाती."

"खरं?"

"मेरा बेटा रहता तो उसकू भी यहीच बोलता."

बाईनं पोराच्या हातातनं कॅन काढून घेतला. त्याला एक शब्द बोलली नाही. चाचांच्या शेजारी रस्त्यावर बसली, कॅन मांडीवर घेऊन. मग शेतातनं दुसरी एक बाई आली, तिनं तिच्या माणसाची बादली घेतली आणि तीही बसली. मग तिसरी.

जवळच्या दुसऱ्या कारखान्याचा बंब आमच्या आधी पोचला होता. आम्ही पोचलो तेव्हा आग लागू नये म्हणून फेस मारून झाला होता. घाडगेसाहेब जीपमधनं उतरले ते थेट टँकरकडंच गेले. वाकून झाकण बघितलं, चर बघितला. किती गेलं, किती राहिलं, मला विचारायला लागले. मी काहीतरी सांगत होते, पण माझं लक्ष रस्त्याकडं होतं.

रस्त्याच्या कडेनं बायकांची रांग बसली होती. सगळ्यांच्या मांडीवर रिकामी भांडी. मधोमध चाचा, डोळे मिटलेले, चेहरा राखेसारखा झालेला. गर्दीतले बाप्ये लांब झाडाखाली उभे होते.

साहेब अजून टँकरभोवती फिरत होते. ती खुरपंवाली बाई उठली. साहेबांच्या समोर गेली आणि रिकामा कॅन त्यांच्या हातात दिला.

"ह्यांच्यासाटी पाणी आणा आदी," ती म्हणाली. "सांडलेलं मागनं बघा."